अस्सलबरहुकूम नक्कल

बरेच महिने झाले इथे काही लिहिलं नाही. आळस, दुसरं काय! मधे आत्याचा फोन आला होता, "तुझ्या त्या ब्लॉगला कुलूप लावलंस की काय गं?" तिला म्हटलं, लिहिते, एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, नीट जुळली की लिहिते. ती अजूनही नीट जुळलेली नाही. पण आता थांबण्यात अर्थ नाही, का ते शेवटी सांगते.

तर झालं असं...

डब्लिनमध्ये आमच्या शेजारी एक आजी राहतात. इथे सगळे सगळ्यांना सरळ नावाने हाक मारतात, पंचाऐंशीच्या बाईलासुद्धा. बारा वर्षं झाली तरी मला ते धड जमत नाही. तोंडाने नाव घेते, मनात मात्र आजीच. म्हणून इथेही आजीच. त्यांचे आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. मुलं ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात. आता एवढं मोठं घर झेपत नाही म्हणून आजींनी ते विकून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं, आणि गेल्या हिवाळ्यात आवराआवरी सुरू झाली. मी शनिवारी मदतीला जात असे. मदत थोडी, चहा आणि गप्पा जास्त.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? मग माझी एक वही पुरी करून दे." (कॉम्प्युटरवर नोकरी करणाऱ्याला जगातलं सगळं येतं हा समज फक्त आपल्याकडेच आहे असं नाही!) नातवंडांसाठी त्या दोन्ही घरांची माहिती लिहीत होत्या. डावीकडच्या पानावर त्यांचं माहेर, उजवीकडे आजोबांचं घर. डावीकडे आजीपर्यंत पोचल्या होत्या, उजवीकडे आजोबांच्या आजोबांपर्यंत, पण तारखा नव्हत्या, नावंही अर्धवट.

इथे एक सांगायला हवं. आजी कॅथलिक, पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतल्या. आजोबा प्रोटेस्टंट, म्हणजे 'चर्च ऑफ आयर्लंड'चे. १९६४ साली लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत सुतक असल्यासारखं वातावरण होतं म्हणे. मुख्य वेदीपुढे लग्न लावायला मिळालं नाही, बाजूच्या लहान वेदीपुढे उरकलं. सांगताना आता त्या हसतात. पण वहीत डावं-उजवं पान का आहे ते मला तेव्हा कळलं.

सुरुवात डाव्या पानापासून केली. इथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी करायची जुनी पद्धत आहे. एका चर्चच्या हद्दीतला गावगाडा म्हणजे एक पॅरिश, आणि त्या पॅरिशची ही वही. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेलं की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून वही काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे वही यात्रेची नाही, जन्माची आणि लग्नाची.

कॅथलिक पॅरिशांच्या या वह्या सरकारी दफ्तर कधीच नव्हत्या. एके काळी कॅथलिकांवर इतके निर्बंध होते की अनेक ठिकाणी वही ठेवायला सुरुवातच मुळी उशिरा झाली. ज्या होत्या त्या पाद्रीबाबांच्या घरी, कपाटात, ओलीत पडून राहिल्या. १९५० च्या दशकापासून राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांचे मायक्रोफिल्मवर फोटो काढायला घेतले, आणि २०१५ च्या जुलैमध्ये ते सगळे इंटरनेटवर फुकट ठेवले. हजाराहून जास्त पॅरिश, पावणेचार लाखांच्या आसपास पानं, साधारण १८८० पर्यंतची. ओळखपत्र नको, अर्ज नको, फी नको. घरी बसून बघा.

फुकट असलं तरी सोपं नाही हं! अक्षर म्हणजे मुंगीच्या पायाला शाई लावून सोडल्यासारखं. वर नावं बरीचशी लॅटिनमध्ये. जॉनचा योआनेस झालेला, ब्रिजेटची ब्रिजिडा. तीन शनिवार आम्ही दोघी पडद्याला डोळे लावून बसलो. चौथ्या शनिवारी १८६८ च्या मार्च महिन्यात आजींची आजी सापडली. एका ओळीत मुलीचं नाव, आईबापांची नावं आणि बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या दोन साक्षीदारांची नावं. त्यातलं एक नाव आजींनी लहानपणी ऐकलेलं होतं, "पलीकडच्या शेतावरची म्हातारी" एवढंच. ती या घराची इतकी जवळची होती हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्याच नादात मी आणखी एक गोष्ट शोधली. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने एक भन्नाट काम केलं होतं. सव्वीस काउंट्यांमधल्या पाच हजारांच्या आसपास प्राथमिक शाळा घेतल्या आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा. गावात पवित्र विहीर कुठे आहे, पडकं चर्च कुणाचं, दुष्काळात काय झालं, कुठल्या दिवशी काय करत नाहीत... पन्नास हजारांहून जास्त मुलांनी लिहिलं. ते सगळं आज युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये जपलेलं आहे आणि 'दूखस' नावाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. ते हस्ताक्षर टाइप करून द्यायचं काम हौशी लोक घरबसल्या करतात.

आजी नऊ भावंडांतल्या शेंडेफळ. थोरला भाऊ चौदा वर्षांनी मोठा, तो त्या वेळी बरोबर शाळेत होता. शाळेचं नाव टाकलं तर वही निघाली, आणि वहीत भावाचं नाव! पान-दीड पान, गावाबाहेरच्या विहिरीबद्दल. विहिरीला सूर्य फिरतो त्या दिशेने फेऱ्या घालायच्या, जवळच्या झाडाला कापडाची चिंधी बांधायची आणि मागे वळून न बघता जायचं. मी म्हटलं, आजी, ही तर आमची प्रदक्षिणा! आणि चिंध्या बांधलेली झाडं आमच्याकडे गावोगाव आहेत. त्या म्हणाल्या, "विहीर आता नाही. रस्ता रुंद केला तेव्हा बुजवली." म्हणजे विहीर गेली, भाऊ गेला, आणि बारा वर्षांच्या पोराने शाळेच्या शाईने लिहिलेलं ते पान तेवढं राहिलं.

मग आलं उजवं पान.

मला वाटलं होतं हे सोपं जाईल. आजोबांचं चर्च म्हणजे एके काळचं सरकारमान्य चर्च. त्यांच्या नोंदी व्यवस्थित असणारच. होत्याही. तेच तर नडलं!

१८६९ च्या कायद्याने त्या चर्चचा सरकारी दर्जा काढून घेतला आणि पुढे १८७० च्या दशकातल्या कायद्यांनी त्यांच्या जुन्या वह्या सरकारी दफ्तर ठरल्या. ज्या पॅरिशकडे सुरक्षित जागा असेल त्यांनी त्या स्वतःजवळ ठेवाव्यात, बाकीच्यांनी डब्लिनला पाठवाव्यात. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी 'फोर कोर्ट्स' म्हणून न्यायालयाची प्रचंड इमारत आहे, तिच्या आवारात सरकारी दफ्तरखाना होता. आगीची भीती म्हणून वाचायची इमारत आणि कागद ठेवायची इमारत मुद्दाम वेगळ्या बांधलेल्या. सातशे वर्षांचे कागद तिथे. देशात त्याहून सुरक्षित जागा नाही अशी सगळ्यांची खात्री.

१९२२ साली स्वातंत्र्याच्या तहावरून आयरिश लोकांत आपसातच दोन तट पडले. तहाच्या विरोधकांनी एप्रिलमध्ये फोर कोर्ट्स ताब्यात घेतलं. दफ्तरखान्यात दारूगोळा ठेवला. २८ जूनला नव्या सरकारच्या तोफा सुरू झाल्या, ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि आग लागली. कोणामुळे, यावर इथे अजूनही वाद घालतात. जळके कपटे शहरभर उडत होते, थेट समुद्रकाठच्या होथपर्यंत गेले म्हणतात. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्या जवळजवळ सगळ्या गेल्या. मृत्युपत्रं गेली. आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून पाठवलेल्या चर्चच्या वह्याही गेल्या. आजोबांच्या पॅरिशची वही त्यातच होती.

(खानेसुमाऱ्यांची सगळी पापं आगीच्या माथी मारता येत नाहीत हं. १८६१ आणि १८७१ च्या सरकारी हुकुमाने आधीच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगदा करायला दिल्या! आगीला निदान युद्धाचं कारण तरी होतं.)

म्हणजे बघा. गरिबांच्या चर्चच्या वह्या ओल्या कपाटात दुर्लक्षित राहिल्या म्हणून वाचल्या, आणि मानाच्या चर्चच्या वह्या मानाने एका जागी नेल्या म्हणून जळाल्या. आजी म्हणाल्या, "याला फार गमतीदार वाटलं असतं," आणि आजोबांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पण पान कोरं राहिलं ना."

दोन आठवडे पान कोरंच होतं. मग माळा आवरताना बिस्किटांचा एक गंजका डबा निघाला. आत पावत्या, रेशनची पुस्तकं, कुणाच्या तरी दाताच्या बिलाचा कागद. आजी सगळा डबा रद्दीच्या हिरव्या पिंपात ओतायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा, बघू तरी. तळाशी चार घड्या घातलेला एक कागद होता. आजोबांच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद, साल १८३७, आईबापांची नावं, बापाचा धंदा. खाली सही, शिक्का आणि ही मूळ वहीची खरी नक्कल असल्याचा दाखला. तारीख १९०९. काढलेली कुठून? डब्लिनच्या त्याच दफ्तरखान्यातून!

१९०९ सालीच का, तेही मजेशीर आहे. १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि पुढच्या जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. पण सत्तरी सिद्ध कशी करायची? आयर्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ साली. त्यामुळे एकाही म्हाताऱ्याकडे जन्माचा दाखला नाही. मग कुणी बाप्तिस्म्याची नक्कल काढली, कुणी १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत आपलं नाव शोधून मागितलं. कारकुनांनी त्या शोधाचे हजारो फॉर्म भरले. मूळ खानेसुमारी जळाली, पण ते फॉर्म वाचले, आणि त्यावर उतरवून घेतलेली कुटुंबं आज राष्ट्रीय दफ्तरखान्यात बघता येतात. पाच शिलिंगांसाठी धडपडणाऱ्या म्हाताऱ्यांनी, आपण इतिहास जपतोय हे ध्यानीमनी नसताना, तो जपला.

आजोबांच्या पणजोबांचा कागद त्या इमारतीतून बाहेर पडला आणि तेरा वर्षांनी इमारत गेली.

इथे अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. १७६६ साली पार्लमेंटच्या हुकुमावरून पाद्र्यांनी आपापल्या पॅरिशमधल्या कुटुंबप्रमुखांच्या धर्मवार याद्या केल्या होत्या. मूळ बहुतेक जळाल्या. पण वंशावळी शोधणारे टेनिसन ग्रोव्हज नावाचे एक गृहस्थ आधीच बसून त्यातल्या कित्येक उतरवून गेले होते, त्या राहिल्या. दफ्तरखान्याचे अधिकारी हर्बर्ट वूड यांनी १९१९ साली, आगीच्या तीनच वर्षं आधी, कोणत्या फळीवर काय आहे याची यादी छापली होती. आगीनंतर काय काय गेलं ते त्या यादीवरून कळतं. तीच यादी नकाशासारखी वापरून ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने तो जळालेला दफ्तरखाना इंटरनेटवर पुन्हा उभा केला आहे, आगीला शंभर वर्षं होताना, जून २०२२ मध्ये. जगभरात जिथे जिथे नकला विखुरल्या होत्या तिथून त्या गोळा केल्या आहेत. तोही सगळ्यांना फुकट.

आजींना घेऊन एकदा चर्चटाउनच्या ब्रेमर पार्कमधल्या ग्रंथालयात गेले. चर्च ऑफ आयर्लंडचं जुनं दफ्तर तिथे असतं. कुठल्या पॅरिशची वही वाचली, कुठली जळाली आणि कुठलीची नक्कल कुठे आहे, याचा तक्ता त्यांनी केला आहे. आजींनी आपल्या कागदाची एक प्रत तिथे दिली, मूळ नातवंडांसाठी ठेवला. 'मूळ' म्हटलं खरं, पण तीही नक्कलच की! नकलेला मूळपणा आला.

हे ग्रंथालय १९३१ साली रोझमंड स्टीफन नावाच्या बाईंनी दिलेल्या पुस्तकांतून उभं राहिलं. जन्मभर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली तेढ कमी व्हावी म्हणून धडपडल्या. आता गंमत ऐका. या बाईंचे वडील म्हणजे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, आपला १८७२ चा भारतीय पुरावा कायदा ज्यांनी रचला ते! हे वाचलं आणि मी तिथेच खुर्चीत बसले. कारण मला अण्णा आठवले.

घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. 'पुरावा कायदा' हे शब्द आमच्याकडे आमटीभातासारखे. मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला तर त्याची खरी नक्कल पुराव्यात चालते, त्याला दुय्यम पुरावा म्हणतात, हे मला शाळेतच पाठ होतं. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण दुय्यम पुरावा त्यातही आहे. नकलेखाली 'अस्सलबरहुकूम' लिहिताना अण्णा पेन बदलत, चांगलं शाईचं घेत.

रिटायर झाल्यावर अण्णांनी एक खूळ घेतलं होतं. गावच्या भैरोबाच्या देवळाच्या जुन्या कीर्दी आजोबांकडे होत्या, मोडीत लिहिलेल्या. उत्सवाला कुणी किती वर्गणी दिली, कुठल्या वाड्यातून किती पायली तांदूळ आले, दुष्काळात पालखी निघाली की नाही, गुरवाला काय दिलं. वाळवी लागली होती. अण्णा रोज सकाळी दोन तास बसून त्या बाळबोधीत उतरवायचे, दोनशे पानी वह्यांमध्ये. पाच वह्या झाल्या. आम्ही सगळे हसायचो. मी एकदा म्हटलं होतं, "अण्णा, याचा उपयोग काय? कोण वाचणार आहे?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मूळ टिकणार नाही. म्हणून."

एवढंच म्हणाले. मला ते तेव्हा उत्तरच वाटलं नव्हतं.

मोडी कीर्दी वाळवीने संपवल्या. अण्णा जाऊनही आता सात वर्षं झाली. आणि आजी डबा पिंपात ओतायला निघाल्या, त्याच रात्री मला आठवलं की गावचं घर या उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय आणि काकांनी ट्रंका रिकाम्या करायला माणूस लावलाय. मी मध्यरात्री उठून चुलतभावाला मेसेज केला. बिचारा दुसऱ्याच दिवशी गेला. ट्रंकेत अण्णांच्या वह्या होत्या. तीन. पहिली, दुसरी आणि पाचवी. त्याने सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले. काही पानांवर त्याचा अंगठा आलाय, पण अक्षर स्वच्छ आहे. प्रत्येक वहीच्या शेवटी, वेगळ्या पेनाने, 'अस्सलबरहुकूम'.

तिसरी आणि चौथी मिळालेली नाही. काका म्हणतात, कुणीतरी वाचायला नेली असेल. काकूंना वाटतं, आधीच रद्दीत गेली असेल. फोटो मी तीन ठिकाणी ठेवले आहेत आणि भावाला म्हटलंय की तूही ठेव, आत्याकडेही दे. एकाच सुरक्षित जागेवर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

म्हणून ही पोस्ट. घरच्या मंडळींनो, घर पाडायला जेमतेम दीड महिना उरलाय. आपापल्या माळ्यावर, कपाटावर, जुन्या बॅगांत एकदा बघा. दोनशे पानी वही, निळा पुठ्ठा, वर अण्णांच्या अक्षरात 'भैरोबा देवस्थान' आणि आकडा ३ किंवा ४. सापडली तर मला पाठवू नका, पोस्टात हरवेल. आधी फोटो काढा.

आजींच्या वहीतलं उजवं पान आता भरलं आहे, शेवटची ओळ १८३७ ची. पुढच्या महिन्यात त्या नव्या फ्लॅटमध्ये जातील. काल बिस्किटांचा तो डबा मला देऊन म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या वह्या आल्या की यात ठेव." त्यात दोनशे पानी वही बसत नाही. पण घेतला.